पोतडीत काहीही चालतं

सोमवार, ४ मार्च

आजपासून लिहून ठेवणार आहे. उद्या भांडण विकोपाला गेलं तर माझ्याकडे सगळं तारीखवार असलं पाहिजे.

सकाळच्या बैठकीत धाकट्याने जाहीर केलं की आमच्या प्रोग्रामचा गाभा नव्याने लिहायचा. कोण लिहिणार? त्याची बायको. लग्नाला सव्वा वर्ष, कंपनीत येऊन पाच महिने. आणि मी? कंपनी सुरू झाली तेव्हा दोन टेबलं, एक डगडगणारा पंखा आणि आम्ही दोघं बहीणभाऊ, एवढंच होतं. आज तीन हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्या माझ्या प्रोग्रामवर चालतात. कुठली पिशवी फ्रीजमध्ये आहे, कुठली कोणासाठी राखून ठेवलीय, कुठली कधी बाद होणार, सगळं तो सांगतो. चौदा वर्षांत एक तक्रार नाही.

आणि हा सगळ्यांसमोर हसत हसत म्हणतो, "ताई, आता तुला जरा उसंत मिळेल."

उसंत मागितली होती कुणी?

मग ती फळ्यापाशी गेली. ही बाई फळ्यापाशी गेली की तिच्या अंगात मास्तरीण संचारते. या वहीत तिचं नाव मास्तरीणच.

माझ्या गाभ्यात एक पोतडी आहे. नाव मीच ठेवलेलं. पोतडीत काहीही टाका: रुग्ण, पिशवी, डॉक्टर, तारीख. पोतडी विचारत नाही. बाहेर काढताना लिहिणाऱ्याने सांगायचं की ही पिशवी, हा रुग्ण. आपण काय ठेवलंय ते आपल्याला माहीत असतंच की!

मास्तरीण म्हणाली, "माहीत असतं तोवर ठीक. विसरलं की हॉस्पिटलात काम चालू असताना प्रोग्राम कोसळतो. किंवा कोसळत नाही आणि चुकीचं काहीतरी दाखवत बसतो, ते जास्त वाईट." तिने फळ्यावर एक डबा काढला आणि त्यावर चौकोनी कोरी जागा ठेवली. "डब्याचं काम एकदाच लिहायचं. आत काय राहणार ती जागा कोरी सोडायची. वापरणाऱ्याने तिथे 'पिशवी' लिहिलं की त्या डब्यात फक्त पिशवी जाणार. रुग्ण टाकायला गेलात तर कंपायलर हात धरेल. याला जेनेरिक टाइप म्हणतात." बैठकीत फोन घेणारी मुलगीही होती, म्हणून तिला वेगळं समजावलं, कंपायलर म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी ओळ न् ओळ वाचणारा तपासनीस. "त्याला जे खटकेल ते इथेच, आपल्या टेबलावर खटकेल. रुग्णाच्या खाटेपाशी नाही."

मला हे सगळं ठाऊक आहे. वापरलं नाही, कारण गरज पडली नाही. तसं मी म्हणालेसुद्धा, "चौदा वर्षांत गरज पडली नाही."

तिने धाकट्याकडे बघितलं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता.


शुक्रवार, ८ मार्च

आज मास्तरीणबाईंनी पोतडी काढून आपले डबे बसवले आणि कंपायलर चालवला. चारशे बारा चुका! काल सुरळीत चालणारा प्रोग्राम आज उभा राहायला तयार नाही. मी मुद्दाम तिच्या टेबलामागून दोनदा गेले. लाल ओळींनी स्क्रीन भरला होता.

"अगं, चालत होतं ना सगळं?" मी विचारलं.

"चालत होतं, ताई. या चुका आज झालेल्या नाहीत. आज दिसल्या."

काय पण शब्दांचा खेळ! दुसऱ्याच्या घरात शिरून सगळ्या फरश्या उखडायच्या आणि वर सांगायचं की खाली ओल होती.

दुपारी ती एक कागद घेऊन माझ्याकडे आली. "ताई, राखीव पिशव्यांच्या यादीत तुम्ही एके ठिकाणी रुग्णाचा क्रमांक टाकलाय. मुद्दाम टाकलाय का?"

"मुद्दाम," मी म्हणाले. "तिथे तसंच लागतं."

"का लागतं?"

"कामाला बसल्यावर कळेल."

ती ओळ मी नऊ वर्षांपूर्वी लिहिली होती. आता कुणाला आठवतंय का टाकलं ते! पण ज्या अर्थी टाकलं त्या अर्थी कारण असणारच. मी उगाच काही लिहीत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. तिघांतल्या मोठ्या हॉस्पिटलाचा फोन आज थेट तिच्या टेबलावर आला. ती हळू आवाजात बोलली, काहीतरी लिहून घेतलं आणि मी जवळ जाताच वही मिटली. पूर्वी हॉस्पिटलचे फोन माझ्याकडे यायचे. ते कधीपासून बंद झाले, हेच लक्षात येत नाही. कट शिजतोय, दुसरं काय.


रविवार, १० मार्च

मी वरच्या मजल्यावर राहते, ही दोघं आईसोबत खाली. रविवारी जेवायला खाली जायचा रिवाज आईने घातलाय. आज नसते गेले तर बरं झालं असतं.

आईला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. मास्तरीण तिच्या ताटात वाढताना सांगत होती, "आई, डावीकडे पाणी आहे, हात जपून." इतकं गोड बोलणं मला सोसत नाही. मी म्हटलं, "ऑफिसात चारशे चुका आणि घरी इतका टापटीपपणा, छान जमतं हो तुला."

"तीनशे सहा," ती म्हणाली. "शंभर निपटल्या."

"कुणाच्या जिवावर? माझ्याच ओळी पुसून ना?"

धाकटा म्हणाला, "ताई, जेव ना गं."

आई म्हणाली, "तू हिच्याशी नणंदेसारखी वाग, वैरिणीसारखी नको."

पन्नाशी ओलांडलेल्या लेकीला सुनेसमोर असं बोलायचं! मी हात धुऊन वर आले. मागून कुणी हाक मारली नाही. मारली असती तरी थांबले नसते.


मंगळवार, १९ मार्च

मोठ्या हॉस्पिटलाला प्रोग्राममध्ये नवीन पडदा, म्हणजे स्क्रीनवरचं नवीन पान, हवाय. अपघात विभागासाठी 'तातडीची यादी': कोणता रुग्ण आणि त्याच्यासाठी राखलेली पिशवी, एका ओळीत समोरासमोर. शुक्रवारपर्यंत. त्यांच्याकडे शनिवारपासून नवीन विभाग सुरू होतोय.

मास्तरीण म्हणाली, पुढच्या बुधवारपर्यंत.

"एका पडद्याला आठ दिवस?" मी विचारलं.

"पडद्याला दोन तास. त्याआधी जोडी नावाचा प्रकार नीट लिहायचाय. त्यात दोन कोऱ्या जागा. एकीत रुग्णाचा क्रमांक, दुसरीत पिशव्यांच्या क्रमांकांची यादी, कारण एका रुग्णाला दोन पिशव्याही लागतील. आणि दोन्ही क्रमांक वेगळ्या प्रकारचे करायचेत. आत्ता दोन्ही नुसते सात आकडे आहेत. एकाच्या जागी दुसरा गेला तर कुणाला कळणार नाही."

"मला कळेल," मी म्हणाले. "माझ्या पोतडीत तासाभरात होतं हे."

"होईल की. प्रश्न तो नाहीच."

"मग काय आहे प्रश्न? मी म्हातारी झालेय हा?"

तिचा चेहरा लाल झाला. "प्रश्न हा आहे की तुमच्या कोडमध्ये कुठे काय ठेवलंय ते फक्त तुमच्या डोक्यात आहे. आणि ते तिथेही नाहीये आता. मी विचारते तेव्हा तुम्ही 'मुद्दाम' म्हणता आणि निघून जाता!"

सगळ्या ऑफिसने ऐकलं. फोन घेणारी मुलगी रिसीव्हर हातात धरून तशीच बसली. मी धाकट्याकडे बघितलं. आता तरी तो बायकोला चार शब्द सुनावेल.

"आपण हॉस्पिटलला बुधवार सांगू," धाकटा म्हणाला.

ठीक आहे. बघून घेते.


गुरुवार, २१ मार्च

मास्तरीण आजपासून सोमवारपर्यंत रजेवर. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तिच्याजवळ कुणीतरी हवं म्हणे. ऐन कामाच्या वेळी बरोबर रजा सापडते लोकांना. धाकटाही दुपारनंतर तिकडेच गेला. मला कुणी विचारलं नाही. म्हणजे तारीख कळवली होती मागच्या आठवड्यात, पण ये म्हणून कुणी म्हटलं नाही.

म्हणून मी काम केलं.

पडदा पन्नास मिनिटांत तयार. तिचे डबे वाटेत येत होते. कंपायलर दर दोन ओळींनी आडवा येई: इथे पिशवीच पाहिजे, तिथे रुग्णच पाहिजे. शेवटी मी डब्यावरची कोरी जागा भरलीच नाही. तशी सोय असते. प्रकार लिहू नका, डबा पुन्हा माझ्या पोतडीसारखा निमूट होतो. कंपायलर थोडी कुरकुर करतो, पिवळ्या अक्षरात इशारा देतो. तो इशारा बंद करायचीही एक ओळ असते. तीही टाकली. चिडीचूप.

मांडणी सोपी आहे. रुग्णाचा क्रमांक, मग पिशवीचा, पुन्हा रुग्णाचा, पुन्हा पिशवीचा. दोन दोन करून काढायचे आणि पडद्यावर दाखवायचे. दहा रुग्ण घालून बघितलं, झकास.

नियमाप्रमाणे प्रत्येक बदल आधी मास्तरिणीने तपासायचा. पण हॉस्पिटलच्या यंत्राचा पासवर्ड चौदा वर्षं माझ्याकडे आहे. संध्याकाळी सहा वाजता पडदा चढवून मोकळी झाले.


शुक्रवार, २२ मार्च

हॉस्पिटलातून आभाराचा निरोप आला! 'सांगितल्यापेक्षा पाच दिवस आधी.' धाकट्याला वाचून दाखवला. त्याने दोनदा विचारलं, "तिने बघितलंय ना?" मी म्हटलं, "बघेल की, आली की." त्याने तोंड उघडलं, मग आईला औषध द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पाच महिन्यांत पहिल्यांदा टेबलापाशी ताठ बसले.


मंगळवार, २६ मार्च

आजचं सगळं वेळेसकट लिहून ठेवते.

दुपारी बाराला हॉस्पिटलातून फोन. आज पहाटे महामार्गावर दोन गाड्यांची टक्कर झाली, सातजण दाखल. तातडीच्या यादीवरून एक पिशवी दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंसाठी गेली. बाई शस्त्रक्रियेनंतर गुंगीत. मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सने, नळी जोडण्याआधी मनगटावरची पट्टी मोठ्याने वाचली. पट्टीवर ओ. पिशवीवर बी. त्या बाईंसाठी रक्त मागवलेलंच नव्हतं.

आणि ज्याच्यासाठी मागवलं होतं तो टँकरचा ड्रायव्हर खाली अपघात विभागात पडून होता. त्याचं नाव यादीवर नव्हतंच. चाळीस मिनिटं नुसती शोधाशोध. चाळीस. शेवटी फ्रीज उघडून हाताने पिशवी शोधली. तो वाचलाय. बाईंनाही काही झालेलं नाही.

यादी बंद करून टाकलीय. उद्या दहाला तिथे बैठक.

मला एक कळतंय. माझी पोतडी चौदा वर्षं चालली, असं कधी झालं नाही. तिचे डबे आले आणि तीन आठवड्यांत हे झालं. अर्थ उघड आहे.


बुधवार, २७ मार्च

बैठकीला रक्तपेढीचे डॉक्टर, मोठ्या सिस्टर, आम्ही तिघं. खोलीत फिनेलचा वास. डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं?"

मीच बोलले. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. "आमच्या जुन्या प्रोग्रामचा गाभा बदलायचं काम चाललंय. माझा त्याला पहिल्यापासून विरोध होता. बदल या करतात." आणि मास्तरिणीकडे हात केला.

डॉक्टर तिच्याकडे वळले. "खरं आहे?"

ती आज सकाळीच कोड उघडून बसलेली मी पाहिली होती. आता सगळं माझ्यावर ढकलणार, म्हणून मी तयारीत होते. तिने तोंड उघडलं. धाकट्याने टेबलाखाली तिच्या हातावर हात ठेवला. रडू फुटत असेल. मग ती म्हणाली, "प्रत्येक बदल तपासून सोडायची जबाबदारी माझी. हा बदल न तपासता गेला."

म्हणजे कबूलच की!

मोठ्या सिस्टर तिच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

परतताना गाडीत मी मागच्या सीटवर होते. मास्तरीण आरशात एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "आईंच्या डोळ्याची पट्टी आज निघणार आहे. यायचं असेल तर या." धमकी दिल्यासारखा आवाज होता.


गुरुवार, २८ मार्च

काल गेले नाही. आज आई माझ्याशी बोलली नाही. तिला आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. माझ्याकडे तसं बघितलं आणि आत गेली.


सोमवार, १ एप्रिल

मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "तुम्ही या. एकट्याच या, त्या नव्या बाई नकोत." मनात म्हटलं, चला, निदान एका माणसाला तरी अनुभवाची किंमत आहे.

रक्तपेढीच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे. फ्रीजचा सतत घुं आवाज. त्यांनी खुर्ची दिली नाही. दिली नाही म्हणजे खुर्चीवर बसायला सांगितलं नाही, मी उभीच राहिले. त्यांनी एक जाड रजिस्टर माझ्यासमोर उघडं ठेवलं.

"तुमचा प्रोग्राम जिथे जिथे चुकला ते मी इथे लिहिते. दोन वर्षं झाली. वाचा."

अकरा नोंदी. त्यांचं अक्षर गोल, शाळेतल्यासारखं. 'राखीव पिशव्यांत रुग्णाचा क्रमांक आला. पिशवी सापडेना. हाताने शोधली.' 'बाद झालेली पिशवी चालू दाखवली.' 'दोन रुग्णांची अदलाबदल, नर्सने ओळखलं.' प्रत्येकीपुढे तारीख. मी तारखा बघत गेले. पुन्हा वरून बघत गेले. मास्तरीण कंपनीत आली त्याआधीच्या नोंदी दहा.

अकरावी २६ मार्चची.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"पहिल्यांदा तुम्हालाच फोन केला होता मी. तुम्ही म्हणालात, आमच्या मुलींना यंत्र वापरता येत नाही. दुसऱ्यांदाही तेच म्हणालात. मग मी तुमच्या भावाला फोन करायला लागले. गेल्या वर्षी त्यांना इथे बोलावून हे रजिस्टर दाखवलं. ते म्हणाले, बायको या कामातली जाणकार आहे, दुसरीकडची नोकरी सोडून येईल. ताईला कळू न देता दुरुस्त करू."

मला तो फोन आठवला. खरं तर मी म्हणाले होते, 'तुमच्या मुलींना आधी अक्षरओळख करून द्या.' सिस्टरांनी सौम्य करून सांगितलं.

"आणि ती अकरावी," त्या म्हणाल्या, "कुणाची आहे हे त्या बुधवारी तुमची भावजय बोलली नाही. मी काही तुमची भावजय नाही. त्या बाई साठ वर्षांच्या आहेत. पट्टी वाचली नसती तर त्या आज नसत्या. तुम्ही जा आणि तुमची ओळ शोधा."

माझ्याशी असं कुणी बोललेलं नाही. मी रजिस्टर मिटून त्यांच्याकडे सरकवलं. जिना उतरून थेट घरी आले.


मंगळवार, २ एप्रिल

शोधायला काही लागलं नाही. सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत यादी उघडली आणि एका रुग्णाला दोन पिशव्या दिल्या. आधीच्या चाचणीत मी दहाही रुग्णांना एकेकच दिली होती.

रुग्ण, पिशवी. पिशवी, रुग्ण. पिशवी, रुग्ण. एक जास्तीची पिशवी मध्ये आली आणि तिच्या खालचं सगळं एकाने सरकलं. पिशवीचा क्रमांक रुग्ण म्हणून वाचला गेला आणि त्या क्रमांकाची कुणीतरी बाई खरोखरच दुसऱ्या मजल्यावर होती. रुग्णाचा क्रमांक पिशवी म्हणून वाचला गेला आणि त्या क्रमांकाची पिशवी खरोखरच फ्रीजमध्ये होती. दोन्ही नुसते सात आकडे. माझ्या प्रोग्रामनेच दोन्ही एकापासून मोजायला सुरुवात केलेली. प्रोग्राम कोसळला नाही, अडखळलासुद्धा नाही. नीटनेटक्या ओळीत खोटं दाखवत राहिला.

इशारा बंद करणारी ओळ मी काढली. पिवळी अक्षरं लगेच वर आली. मग तिच्या डब्यावरची कोरी जागा भरली, पिशवी म्हणून. कंपायलरने तेवीस लाल ओळी दाखवल्या. त्यातली पहिलीच ओळ ती होती, जिथे मी पिशवीच्या डब्यात रुग्ण टाकला होता.

धाकटा नऊला आला. मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

त्याने बॅग खाली ठेवली. "काय सांगू? तू ऐकतेस? चौदा वर्षांत तुला एकदा कुणी चूक दाखवली आणि तू हो म्हणालीस, असं आठवतंय तुला?"

"म्हणून बायकोला मध्ये घातलंस? माझ्या पाठीमागे?"

"हो, घातलं! आणि पाच महिने ती घरी येऊन रडते. मी तिला म्हणतो, थोडं सांभाळून घे, ताईने मला शिकवलंय, ताईने कंपनी उभी केलीय. बुधवारी तिला बोलू दिलं नाही ते मी. ती ऐकून घेणार नव्हती. मी हात दाबून धरला तिचा." त्याचा आवाज चढला होता. माझ्यावर आवाज चढवायची त्याची ही पहिलीच वेळ. "आता ती माझ्याशीही बोलत नाहीये. झालं समाधान?"

तो आत गेला आणि दार आपटलं. मी त्याला पोहायला, सायकल चालवायला आणि प्रोग्राम लिहायला शिकवलं. दार आपटायला तो आपणच शिकला.

मी रागावले आहे. त्याच्यावर, लपवलं म्हणून. तिच्यावर, गप्प बसली म्हणून. गप्प बसून तिने मला किती खाली ठेवलं हे तिला कळत असेल का? कळत असेल. ती हुशार आहे.


शुक्रवार, ५ एप्रिल

मी रक्तपेढीच्या डॉक्टरांना पुन्हा बैठक मागितली. तीच खोली, तेच पाचजण. धाकट्याला आणि मास्तरिणीला कशासाठी ते सांगितलं नव्हतं. दोघं दोन टोकांना बसली.

रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "मागच्या आठवड्यात मी खोटं बोलले. ती यादी माझी आहे. त्यांच्या डब्यात चुकीचा क्रमांक गेलाच नसता. मी त्यांची पद्धत बाजूला केली, कंपायलरने इशारा दिला तो बंद केला आणि कुणाला न दाखवता तुमच्या यंत्रावर चढवली. त्या तेव्हा माझ्या आईच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. त्याआधीच्या दहा चुकाही माझ्या. सिस्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. अजिबात वाटलं नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला माहीत नव्हतं तेव्हा चूक कुणाची ते?"

"खात्री नव्हती."

"मग त्या दिवशी यांचं नाव का घेतलंत?"

काहीतरी सभ्य उत्तर असणार याला. ते मला सुचलं नाही.

"कारण मला ती आवडत नाही," मी म्हणाले.

धाकट्याने डोळे मिटले. मोठ्या सिस्टरांच्या ओठाचा एक कोपरा हलला, हसू होतं की काय ते कळलं नाही. डॉक्टर म्हणाले की ते मला त्यांच्या यंत्रावर हात लावू देणार नाहीत. पासवर्ड आजच्या आज बदलायचा. पुढचं काम मास्तरीण बघेल, आणि माझी एकही ओळ तिच्या सहीशिवाय येता कामा नये. मी हो म्हणाले. हा शब्द तोंडातून बाहेर यायला किती जड असतो!

खाली गाडीपाशी धाकटा किल्ली शोधत होता. मास्तरीण माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी वाट बघत होते, जाऊ द्या ताई, झालं गेलं, असं काहीतरी म्हणेल. मग मला रागावता आलं असतं.

"मलाही तुम्ही आवडत नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. आज तुम्ही बोललात म्हणून एकदम आवडायला लागाल असंही नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"तुम्ही लिहिलेल्या तेवीस ओळी लाल आहेत. त्या मी दुरुस्त करणार नाही. तुम्ही करायच्या. मी तपासणार. चुकल्या तर परत पाठवणार, शंभरदा."

"पाठव."

"सोमवारी नऊला."


सोमवार, ८ एप्रिल

पावणेनऊला पोचले. ती आधीच आली होती. माझी खुर्ची तिच्या टेबलाला लावून ठेवली होती, शेजारी नाही, समोर. साडेअकरापर्यंत तिने मला सहा वेळा परत पाठवलं. सहाव्यांदा मी फाइल टेबलावर आपटली, तिने न बघता सरळ करून पुन्हा माझ्याकडे सरकवली.

बावीस उरल्या.